झेंडावंदनानंतरची जमाबंदी

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

१५ ऑगस्टला सकाळी झेंडावंदन झाले नाही असे गाव आपल्या बेळगाव भागात सापडणार नाही. उचगाव, कडोली, येळ्ळूरसारखी मोठी गावे असोत की खानापूरच्या पश्चिमेकडची जंगलातली चार घरांची वस्ती, शाळेची मुले प्रभातफेरी काढतात, पंचायतीसमोर रांगोळी पडते, खाऊ वाटला जातो. दहा वाजेपर्यंत जो तो आपल्या कामाला लागतो. आणि नेमक्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे १६ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर या महिन्यात, कर्नाटकातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने मागील वर्षाचा जमाखर्च गावापुढे मांडायचा असतो. याला जमाबंदी म्हणतात आणि २००४ च्या नियमांनी ती बंधनकारक केली आहे. झेंडावंदनाला सारे गाव लोटते, जमाबंदीला मात्र पंचायतीचे सदस्य, नोकरवर्ग आणि मोजकी माणसे. देशावर प्रेम असणाऱ्या प्रत्येकाने त्या महिन्यातला अर्धा दिवस जमाबंदीसाठी राखून ठेवावा, एवढेच या पत्रातून सांगायचे आहे. गेल्यावर करायचे काय, हे माहीत नसल्यामुळे बरेच जण जात नाहीत, म्हणून थोडे तपशिलात लिहीत आहोत.

जमाबंदी म्हटले की शेतकऱ्याला शेतसारा आणि उतारा आठवतो. आपला काही शेतसारा थकलेला नाही, मग कशाला जायचे, असे त्याला वाटते. पण ही जमाबंदी पंचायतीची आहे. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात घरपट्टी आणि पाणीपट्टी किती जमली, गाळ्यांचे भाडे किती आले, सरकारकडून कोणत्या खात्यात किती रक्कम आली आणि ती कुठे खर्च झाली, हे सारे त्यात येते. वरून नेमलेले अधिकारी वह्या, पावत्या, बिले तपासतात आणि कामांच्या जागी जाऊन पाहणी करतात. गावकऱ्यांनी हे समोर बसून पाहावे, विचारावे, यासाठीच ती गावात होते. पंचायतीवर निवडून आलेले सदस्य असोत वा प्रशासक, हिशेब द्यावाच लागतो.

हिशेब वाचायची सवय आपल्याला नाही असे मुळीच नाही. गणेशोत्सव संपल्यावर मंडळाची बैठक होते, तेव्हा मंडप, वाजंत्री, प्रसाद, वीजबिल असा एकेक खर्च वाचला जातो आणि पावतीवर शंका आली तर रात्री बारापर्यंत चर्चा चालते. वर्गणी आपण दिलेली असते, म्हणून ते चालते. घरपट्टीही आपणच दिलेली असते. याच बेळगावात १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन. त्याचा खर्च वजा जाता ७७३ रुपये शिल्लक राहिल्याची नोंद आहे. टिळकवाडीची काँग्रेस विहीर दाखवताना पाहुण्यांना आपण अधिवेशनाबद्दल सांगतो, तेव्हा त्या हिशेबाबद्दलही सांगायला हवे.

आता तयारीबद्दल. ती जुलैच्या मध्यापासून सुरू करावी लागते, ऑगस्टमध्ये ठरवून उपयोग नसतो. पहिली गोष्ट म्हणजे पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) साधा अर्ज द्या: आमच्या पंचायतीची जमाबंदी कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कुठे आहे, आणि मागील वर्षात झालेल्या कामांची यादी कुठे पाहायला मिळेल. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखेच. बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते. नोटीस फलकावर ऐनवेळी लागते आणि ‘आम्हाला कळवलेच नाही’ म्हणायला आपल्या हातात कागद नसतो.

यादी हाती आली की सगळी कामे धरू नका. आपल्या वॉर्डातली दोन कामे निवडा, एक रस्त्याचे आणि एक पाण्याचे किंवा गटारीचे. त्या दोन कामांचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तक (ज्याला सगळे एमबी म्हणतात) आणि बिल पाहायला मागा. दाखवले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, शुल्क १० रुपये. कर्नाटकात या अर्जाला दोन अटी आहेत: मजकूर १५० शब्दांपेक्षा जास्त नको आणि अर्जात विषय एकच हवा. एका अर्जात रस्ता, पथदीप, बोअरवेल आणि घरकुलांची यादी असे सगळे कोंबले की तो नाकारायला आयते कारण मिळते. तेव्हा एका कामाला एक अर्ज. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, म्हणूनच जुलैचा मध्य म्हटले. केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, पंचायत आणि वर्ष निवडले की बराच तपशील घरबसल्या दिसतो. कॉलेजात जाणारी मुले हे दहा मिनिटांत काढून देतात.

निधीबद्दल एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी पंचायतींना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता, उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा. उन्हाळ्यात टँकर येत असेल आणि गटारी उघड्या वाहत असतील, तर सभेतला पहिला प्रश्न या ६० टक्क्यांचा असला पाहिजे.

हिशेब कन्नडमध्ये असतो आणि मराठी माणूस तिथेच मागे हटतो. खरे तर त्यातले अर्धे शब्द आपलेच आहेत. जमा, खर्च, बाकी हे दोन्ही भाषांत एकच. कामगारी म्हणजे काम, रस्ते म्हणजे रस्ता, चरंडी म्हणजे गटार, कुडियुव नीरु म्हणजे पिण्याचे पाणी, बीदी दीप म्हणजे पथदीप, तेरिगे म्हणजे कर, ओट्टू म्हणजे एकूण, नडवळी म्हणजे सभेचे इतिवृत्त. उद्योग खात्री (रोजगार हमी) तर आपण मराठीतही तसेच म्हणतो. एवढ्या दहा-बारा शब्दांवर जमाखर्चाचे पान कळू लागते. मराठी शाळेतली मुलेही कन्नड विषय शिकतात, त्यातल्या आठवी-नववीच्या एखाद्याला शेजारी बसवा. त्याचा नागरिकशास्त्राचा धडा तिथेच होईल.

गाऱ्हाण्याचा अर्ज मात्र मराठीत देता येत नाही, ही समजूत चुकीची आहे. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे कोणत्याही गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याला केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. अर्जाच्या सुरुवातीलाच या कलमाचा उल्लेख करावा आणि काम लवकर व्हावे म्हणून सोबत कन्नड भाषांतर जोडावे. हक्क सोडायचा नाही आणि कामही अडू द्यायचे नाही, यात आम्हाला कमीपणा दिसत नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर गल्लीतल्या गटारीचे पाणी मराठी आणि कन्नड दोघांच्याही उंबऱ्याशी तुंबते. जमाबंदीला शेजारच्या कन्नड भाषिकाला बरोबर घेऊन जा. दोघांनी मिळून विचारलेल्या प्रश्नाला भाषेच्या वादात ढकलता येत नाही.

आता काम तपासायचे कसे, ते काँक्रिट रस्त्याच्या उदाहरणाने सांगतो. गल्लीतला रस्ता १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर म्हणजे सहा इंच जाड असा अंदाजपत्रकात धरला असेल, तर गुणाकार करून ४५ घनमीटर काँक्रिट होते. एम-२० म्हणजे सिमेंट, वाळू, खडी १ : १.५ : ३ या प्रमाणातले मिश्रण असेल, तर घनमीटरला साधारण आठ पोती सिमेंट लागते. म्हणजे ३६० पोती. तोच रस्ता चार इंचांचा झाला तर काँक्रिट ३० घनमीटर आणि सिमेंट २४० पोती. एका गल्लीत १२० पोत्यांचा फरक पडतो, शिवाय त्या प्रमाणात वाळू आणि खडी. वरून दोन्ही रस्ते सारखेच दिसतात.

जाडी कशी चुकते, तेही पाहा. दोन्ही कडांना सहा इंची फळ्या किंवा लोखंडी चॅनल लावतात, त्यामुळे कडेला जाडी बरोबर भरते. काम झाल्यावर कोणी माती बाजूला करून टेप लावला तर सहा इंच दिसतात आणि तो समाधानाने परत जातो. मधला मुरूम उंच राहिलेला असला, की मध्यभागी चार इंचच काँक्रिट बसते, आणि ट्रॅक्टरच्या भरलेल्या ट्रॉलीचा भार तिथेच येतो. म्हणून मोजायची वेळ काँक्रिट ओतण्याआधीची. एका फळीच्या माथ्यापासून समोरच्या फळीच्या माथ्यापर्यंत दोरी ताणून धरा आणि मध्यावर दोरीपासून मुरमापर्यंत टेप सोडा. तिथे सहा इंच यायला हवेत. दोन माणसे, एक दोरी, पाच मीटरचा टेप आणि पाच मिनिटे, एवढेच लागते. कमी आले तर त्याच वेळी मजुरांशी भांडू नका. टेपसह फोटो काढा आणि पीडीओ व अभियंत्यांना लगेच लेखी कळवा.

ओतल्यानंतरही रस्ता बिघडतो. काँक्रिटवर आळी करून किंवा ओले गोणपाट टाकून किमान सात दिवस, जमल्यास चौदा दिवस पाणी राहिले पाहिजे. पाणी न मिळालेल्या रस्त्याची वरची कातडी वर्षभरात धुळीसारखी सुटते आणि खडी उघडी पडते. दर चार-पाच मीटरवर सांधा कापलेला नसेल तर रस्ता आपल्या मनाने वाकडातिकडा तडकतो. पाणी मारण्याचे काम ठेकेदाराचेच, पण गल्लीतल्या माणसांनी त्यावर लक्ष ठेवले तर त्यांचाच रस्ता टिकतो. झालेल्या रस्त्याबद्दल शंका असेल तर स्वतः कुदळ मारून पाहू नका, ती सार्वजनिक मालमत्ता आहे. अभियंत्यांकडून कोअर (रस्त्यातून कापून काढलेला काँक्रिटचा गोल नमुना) काढून तपासणी करावी, अशी लेखी मागणी जमाबंदीत नोंदवा.

गटारीची तपासणी याहून सोपी, आणि जमाबंदीचा महिना त्यासाठी अगदी योग्य. जुलै-ऑगस्टच्या पावसाने सगळे दोष उघडे पाडलेले असतात. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी गटारीत पाणी उभे असेल तर तळाचा उतार चुकला आहे. दहा मीटर लांबीला निदान पाच सेंटिमीटर उतार असावा. वरच्या तोंडाला दोन बादल्या पाणी ओता आणि ते कुठे अडते तिथे खडूने खूण करून फोटो काढा. बिलावर किती मीटर गटार लिहिली आहे आणि प्रत्यक्षात किती आहे, हेही टेपने पाहा. बरेचदा जुन्या गटारीचा तुकडा नव्याच्या मोजमापात धरला जातो.

सभेतली वागणूक हाही शिकण्याचा भाग आहे. जमाबंदी वर्षातून एकदा, पण वॉर्ड सभा आणि ग्रामसभा वर्षातून किमान दोनदा व्हायला हव्यात. आपल्या राज्यात एका पंचायतीत बहुधा तीन-चार गावे असतात, त्यामुळे वॉर्ड सभेचे महत्त्व फार. तिची गणसंख्या वॉर्डातले एक दशांश मतदार किंवा २० मतदार, यांतली कमी असेल ती. ग्रामसभेसाठी एक दशांश किंवा १००. हजर मतदारांत ३० टक्के स्त्रिया असाव्यात, हेही कायद्यात आहे. वॉर्ड सभा भरायला वीस माणसे पुरतात, म्हणजे गल्लीतली पाच-सहा घरे ठरवून आली तरी सभा कागदावर उरकता येत नाही. उरकली जाते ती अशी: हजेरीची वही घरोघर फिरते, सह्या गोळा होतात आणि ठराव मागाहून लिहिले जातात. घरी आलेल्या वहीवर सही न करणे हे आपल्या हातात आहे. सभेत गेल्यावर आधीच्या नावाच्या लगेच खाली, मध्ये ओळ न सोडता सही करा. सभा संपण्यापूर्वी ठराव मोठ्याने वाचून दाखवावेत, असा आग्रह धरा आणि लिहिलेल्या पानाचा फोटो घ्या. प्रश्न मोजके आणि आकड्यांचे असावेत. ‘सगळा भ्रष्टाचार चालला आहे’ असे ओरडणाऱ्याला कोणी उत्तर देत नाही आणि द्यायची गरजही पडत नाही. ‘अमुक गल्लीच्या रस्त्याच्या बिलात जाडी १५ सेंटिमीटर आहे, मध्यभागी ती मोजली होती का?’ याला उत्तर द्यावे लागते. आक्षेप तोंडी ठेवू नका, कागदावर द्या आणि पोच घ्या. उत्तर आले नाही तर तोच कागद तालुका पंचायतीच्या ईओंकडे (कार्यकारी अधिकाऱ्यांकडे) आणि मग जिल्हा पंचायतीच्या सीईओंकडे (मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे) जातो.

जमाबंदीत थकबाकीदारांची यादीही येते, आणि तिथे आपली बाजू स्वच्छ हवी. घरपट्टी थकवलेल्या माणसाला गटारीचा जाब विचारताना आवाज चढत नाही. गटारीवर पायरी बांधून झाडूवाल्याला जागा न ठेवणे, पथदीपाच्या खांबावरून मंडपाला आकडा टाकणे, हे आपणच करतो. सर्वांत घातक म्हणजे नळाला थेट मोटर जोडणे. एका घराने मोटर लावली की पुढच्या दहा घरांचा दाब पडतो, हे सर्वांना कळते. पण मोटर ओढते तेव्हा वाहिनीच्या आत पोकळी तयार होते आणि सांधा जिथे गळका असेल तिथून शेजारच्या गटारीचे पाणी आत खेचले जाते. पावसाळ्यात गल्लीत एकदम जुलाब-कावीळ पसरते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. पाणी टाकीत साठवून मोटर टाकीला लावा. राज्यघटनेच्या ५१-अ कलमातल्या मूलभूत कर्तव्यांत राष्ट्रध्वजाचा आदर आणि सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण ही दोन्ही कर्तव्ये एकाच यादीत आहेत, त्यातले एकच आपण पाठ केले आहे.

सभेत बसण्याचा हक्क मतदार यादीतून येतो, म्हणून यादीबद्दल दोन शब्द. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (ज्या दिवशी वय १८ पूर्ण असावे लागते) आता धरल्या जातात. नवे नाव नमुना ६ ने, दुरुस्ती आणि पत्ताबदल नमुना ८ ने, मृताचे वा गाव सोडून गेलेल्याचे नाव कमी करण्यासाठी नमुना ७. आपल्या भागात एक खास अडचण आहे. महाराष्ट्रात शिकलेल्या ज्ञानेश्वराचे नाव इंग्रजीत ‘डी’ने सुरू होते, कर्नाटकातल्या कागदावर तेच ‘जे’ने. माणूस एक आणि कागदोपत्री दोन. यादी, आधार आणि शाळेचा दाखला जुळत नाही, की निवडणुकीच्या दिवशी केंद्रावर खोळंबा होतो. नमुना ८ भरून हे आधीच जुळवून घ्यावे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. कामासाठी पुण्या-कोल्हापुरात राहणाऱ्या काहींची नावे दोन्हीकडे असतात, आणि गावाशी नाते राहावे म्हणून ती ठेवली जातात. दोन मतदारसंघांत नाव ठेवणे कायद्याला मान्य नाही आणि अर्जात खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गावाशी नाते राखायला गणपतीला यावे, जमाबंदीच्या दिवशी यावे. नाव मात्र जिथे राहतो तिथेच ठेवावे.

शहरातल्या वाचकांसाठी महापालिका कायद्यात वॉर्ड समितीची तरतूद आहे. टेप, दोरी, अर्ज आणि पोच हे तिथेही तितकेच उपयोगी पडते.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. वीजपुरवठा कोणत्या भागात, किती वाजता खंडित राहणार, याची चौकट वृत्तपत्रांत येते आणि लोक ती वाचून दळण-पाण्याची व्यवस्था करतात. तशीच एक चौकट १० ऑगस्टपासून जमाबंदीच्या तारखांची द्यावी. बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी, चिकोडी अशी तालुकावार, पंचायतीचे नाव, दिवस, वेळ आणि जागा एवढेच. तारखा तालुका पंचायतीत मिळतील. वाचकांनीही आपल्या गावची तारीख कळली की ती वृत्तपत्राला कळवावी आणि मंदिराच्या, दूध डेअरीच्या, पतसंस्थेच्या फलकावर लिहावी, कारण ग्रामपंचायतीच्या फलकापर्यंत फार थोडे लोक जातात.

आपले विश्वासू,
बेळगाव व खानापूर तालुक्यातील काही नागरिक